महाराष्ट्रांतील दूरचित्रवाणीचें अंकीकरण : कालनिर्णयाचा एक प्रश्न

“इ. स. २०१२ मध्यें दूरचित्रवाणी डिजिटल झाली,” असें विधान अलीकडे वाचनांत येतें. विधान आटोपशीर आहे. त्यांत वर्ष आहे, कर्ता आहे, क्रियापद आहे. आणि तरीही महाराष्ट्रापुरतें पाहूं गेल्यास तें बहुतेक अंशीं चुकीचें आहे. एखाद्या सनदेच्या मितीवरून आपण वर्षानुवर्षें वाद घालतों, आणि डोळ्यांदेखत घडलेल्या घटनेची मिती मात्र ऐकीव गोष्टीवर सोडून देतों, हें संशोधक मंडळींस शोभण्यासारखें नाहीं. म्हणून हें टिपण.

प्रथम घडलें काय तें पाहूं. जुन्या, म्हणजे ॲनालॉग पद्धतींत, चित्रांतील उजेड-अंधाराच्या चढउताराबरहुकूम लहरीच्या जोराचा चढउतार होत असे. आपल्याकडे एका चित्राच्या ६२५ ओळी आणि सेकंदास २५ चित्रें असें मान होतें. नव्या पद्धतींत तेंच चित्र आंकड्यांत लिहून पाठवितात, आणि त्यांच्याबरोबर पडताळ्याचे आंकडेही जातात. त्यामुळें वाटेंत झालेली चूक घेणाऱ्या यंत्रास ओळखतां येते व कांहीं मर्यादेपर्यंत दुरुस्तही करतां येते. हस्तलिखितें हाताळणाऱ्यांस हा भेद समजण्यास अडचण पडूं नये. पहिली पद्धती म्हणजे नकलेवरून नक्कल : प्रत्येक हातीं कांहीं अक्षर फिरतें, पण मजकूर लागतो. दुसरी म्हणजे बेरीज मांडलेला हिशेब : एखादी रक्कम फिरली तर बेरीज चुगली करते, आणि चुका फार झाल्या तर सारा कागदच नामंजूर होतो. लहर क्षीण झाली म्हणजे जुन्या संचावर मुंग्या येत, पण त्या मुंग्यांच्या आड बातम्या देणाऱ्याचा चेहरा दिसत राही. नव्या संचावर चित्र एक तर स्वच्छ, नाहींतर चौकोनी तुकडे होऊन अजिबात नाहींसें.

या भेदांत संशोधकाच्या कामाची एक गोष्ट आहे. ॲनालॉग चित्रावर त्याच्या वाटेचा ठसा उमटत असे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि पुढच्याच वर्षीं त्याचे कार्यक्रम सिंहगडावरील प्रक्षेपकाच्या द्वारें पुण्यास दिसूं लागले. या लहरी जवळजवळ सरळ रेषेंत जातात, म्हणून प्रक्षेपकास उंच जागा लागते. जी जागा दूरवर नजर पोंचावी म्हणून कोणे एके काळीं निवडली गेली, तीच शतकांनंतर “गजरा” आणि “आमची माती आमची माणसं” घरोघर पोंचविण्यास उपयोगीं पडली. (गडावरील तो मनोरा कित्येक दुर्गप्रेमींच्या डोळ्यांत खुपतो. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण मनोराही आतां गडाच्या इतिहासांत जमा झाला आहे, त्यास काय करावें!) डोंगरावर किंवा उंच इमारतीवर आपटून परतलेली लहर किंचित् उशिरा पोंचे, आणि मूळ चित्राच्या उजव्या अंगास त्याची फिकी सांवली उभी राही. लोक तिला भूत म्हणत व गच्चीवरचा एरियल फिरवून तिचा उतारा करीत. एक ओळ रेखाटण्यास किती काळ लागतो हें ठरलेलें असल्यामुळें, ती सांवली किती सरकली आहे यावरून लहर किती फेरा घेऊन आली याचा हिशेब मांडतां येतो : चित्राच्या रुंदीचा सुमारें पन्नासावा भाग सांवली सरकली असेल, तर फेरा सुमारें ३०० मीटरांचा. म्हणजे ज्यास आपण दोष समजत होतों, तें त्या घराच्या आसमंतांतील डोंगर-इमारतींचें अस्सल साधन होतें. अंकीय चित्रांत हें साधन राहत नाहीं. यंत्र तें दोष म्हणून पुसून टाकतें.

आतां मितीकडे वळूं. २०१२ हें वर्ष आलें कोठून? तें केबलच्या कायद्यांतून आलें. इ. स. १९९१ पासून उपग्रहावरून येणाऱ्या वाहिन्या सुरू झाल्या, आणि गल्लोगल्लीं केबलचालक उभे राहिले. त्यांच्यासाठीं १९९५ मध्यें कायदा झाला. २०११ मध्यें त्यांत दुरुस्ती होऊन सर्व केबल चार टप्प्यांनीं अंकीय करण्याचें ठरलें. पहिल्या टप्प्यांत मुंबई होती. तिची मुदत प्रथम ३० जून २०१२ व नंतर ३१ ऑक्टोबर २०१२ अशी झाली. दुसऱ्या टप्प्यांत देशांतील ३८ शहरें होतीं, त्यांत पुणें, नागपूर, नाशिक यांचा समावेश होता. त्यांची मुदत ३१ मार्च २०१३. उरलेल्या नागरी भागाची मुदत हलत हलत ३१ जानेवारी २०१७ पर्यंत व खेड्यांची ३१ मार्च २०१७ पर्यंत गेली. म्हणजे केबलपुरतेंच बोलावयाचें तरी २०१२ हें वर्ष मुंबईचें आहे, महाराष्ट्राचें नव्हे.

या कायद्याचा एक मोठा हेतु चित्राच्या स्वच्छतेहून निराळा होता, आणि तो आमच्या वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे : तो गणतीचा होता. ॲनालॉग केबलींत सर्व वाहिन्या एकाच तारेंतून सर्व घरांत वाहत, आणि त्या तारेच्या टोकाशीं किती घरें आहेत हें चालकावांचून दुसऱ्या कोणास नेमकें कळत नसे. वाहिन्यांचा पैसा व सरकारचा कर या दोहोंचा हिशेब घरांच्या आंकड्यावर. सबब चालक घरें कमी दाखवी. पाहणीस आलेल्या कारकुनापुढें गांवानें जमीन कमी दाखवावी, त्यांतलाच हा प्रकार. शिवाय तारेची धारणाशक्ति मर्यादित, म्हणून तींत चांगली जागा मिळावी यासाठीं वाहिन्यांनाच उलट चालकास पैसे मोजावे लागत. घरोघर जी अंकीय पेटी बसली, तिला स्वतःचा क्रमांक होता. पेटी बसली कीं घर वहींत चढलें. पेशवाईंतील खानेसुमारी ज्यांनीं वाचली आहे त्यांस या पेटीचें खरें काम सांगावयास नको. आमच्या मतें मुंबईंतील या अंकीकरणास चित्रपद्धतीच्या इतिहासाइतकेंच वसुलाच्या इतिहासांतही स्थान दिलें पाहिजे.

याचा पुरावा सोपा आहे. १ नोव्हेंबर २०१२ रोजीं मुंबईंत ज्याच्या घरीं केबल नव्हती व गच्चीवर जुना एरियल होता, त्याला दूरदर्शन आदल्या दिवशीं दिसत होतें तसेंच दिसलें. हवेंतून येणाऱ्या लहरींस तो कायदा लागूच नव्हता.

त्या लहरींची कथा वेगळी. परदेशीं हा बदल नेमलेल्या दिवशीं झाला : लक्झेंबर्गांत १ सप्टेंबर २००६, नेदरलंड्‌समध्यें ११ डिसेंबर २००६, अमेरिकेंतील मोठ्या केंद्रांचा १२ जून २००९. जपानांत २४ जुलै २०११ हा दिवस ठरला. फक्त भूकंपानें उद्ध्वस्त झालेल्या इवाते, मियागी व फुकुशिमा या प्रांतांस ३१ मार्च २०१२ पर्यंत सवलत मिळाली. आपल्याकडे असा दिवस उजाडलाच नाहीं. डिसेंबर २००४ पासून दूरदर्शनची उपग्रहावरील विनामूल्य सेवा होती, आणि पुष्कळ प्रेक्षक एरियल सोडून छोट्या तबकडीकडे गेले. फेब्रुवारी २०१६ मध्यें मुंबई व औरंगाबाद (हल्लींचें छत्रपति संभाजीनगर) धरून १६ शहरांत हवेंतून अंकीय प्रक्षेपण सुरू झालें, पण तें घेण्याजोगे संच घरांत कितीसे होते! मग ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्यानें बंद होत गेले, आणि मोक्याच्या ठिकाणचे सुमारें ५० सोडून बाकीचे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचें प्रसारभारतीनें जाहीर केलें. हुकुमाची मिती व अंमलाची मिती एक नसते, हा आपला नेहमींचा नियम येथेंही लागू आहे. प्रत्येक प्रक्षेपकाची अखेर निराळी, आणि ती त्या त्या ठिकाणच्या दफ्तरावरूनच ठरविली पाहिजे.

साधनांचा प्रश्न यामुळेंच निकडीचा आहे. एके काळीं संच बाळगण्यास परवाना लागे. वर्षास ५० रुपये टपाल कचेरींत भरून पुस्तिकेवर नोंद करून घ्यावी लागे. ऐंशीच्या दशकांत ही पद्धती बंद झाली. कोणत्या पेठेंत, कोणत्या आळींत, कोणत्या वर्षीं पहिला संच आला हें सांगणारें याहून चांगलें साधन नाहीं. पण ज्या घरांत आजोबांची तमसुकें जपून ठेवलेलीं असतात, त्याच घरांतून या पुस्तिका रद्दींत जातात. दुसरें साधन घरीं मुद्रित केलेल्या फितींचें. त्या वाजविणारीं यंत्रें करणारा शेवटचा जपानी कारखाना जुलै २०१६ मध्यें थांबला. मोडीचे कागद शाबूत व वाचणारा नाहीं, ही स्थिति आपण पाहिली आहे. येथें फीत शाबूत व यंत्र नाहीं, असें व्हावयाचें आहे. शिवाय फीत स्वतः फार दिवस शाबूत राहत नाहीं, हा तिचा कागदाहून वाईट गुण.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं अशा फिती असतील त्यांनीं त्यांच्या अंकीय नकला लवकर करवून घ्याव्या. मात्र नक्कल करणारास चित्र साफ करूं देऊं नये. जुन्या पत्राची नक्कल करतांना आपण लेखनिकाचें शुद्धलेखन सुधारीत नाहीं, तसेंच येथें मुंग्या, भूत, कार्यक्रमांमधील रिकामी वेळ, व्यत्ययाची पाटी, यांतील कांहीं एक गाळूं नये. नक्कल झाली म्हणून मूळ फीत टाकूं नये. आणि फितीच्या पुठ्ठ्यावर कोणी शिसपेन्सिलीनें तारीख, गांव किंवा एरियलची दिशा लिहिली असेल, तर ती नकलेसोबत जशीच्या तशी उतरून घ्यावी. ती पेन्सिल पुसट होत चालली आहे.