विमानातील दोन नियमांची जन्मकथा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापूरहून निघालेल्या एका विमानात आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांचा सहावीतला नातू बसले होते. नातवाचा हा पहिलाच विमानप्रवास. विमान वर गेले, पट्टे बांधण्याची सूचना विझली आणि खाली पंचगंगेच्या खोऱ्यातली उसाची शेते हिरव्या चौकटींसारखी दिसू लागली. नातवाने आजोबांचा मोबाइल खिडकीशी धरला. इतक्यात हवाई सेविका आली.

"सर, फोन पूर्ण बंद करा. फ्लाइट मोडवर चालणार नाही. आणि विमानातून फोटो काढायला बंदी आहे. सुरक्षेचा नियम आहे."

गुरुजींनी लगेच फोन बंद केला. आयुष्यभर शिस्त शिकवलेला माणूस. चारचौघांत ऐकून घ्यावे लागल्याने त्यांचा चेहरा उतरला. नातू मात्र गप्प बसेना. "का ओ आजोबा? फोटोनं काय होतंय?" गुरुजी म्हणाले, "नियम आहे बाळा," आणि त्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही विज्ञानात संशोधन करतो, हे त्यांना आधीच्या गप्पांत कळले होते. पण उत्तर आम्हालाही ठाऊक नव्हते.

घरी परतल्यावर आम्ही शोध घेतला. तेव्हा कळले, की त्या दिवशी सांगितलेला एकही नियम त्या स्वरूपात लागू राहिलेला नव्हता. एक दहा वर्षांहून अधिक काळापूर्वी सैल झाला होता, दुसराही नियामकाने बदलला होता. पण दोन्ही नियम जन्मले तेव्हा त्यांना चांगली, पटण्याजोगी कारणे होती. ती कारणे कोणती आणि ती कधी सरली, हा इतिहास शिक्षकांना उपयोगी पडेल असे वाटते.

कॅमेऱ्यावरची बंदी

पहिल्या महायुद्धात विमानाचे महत्त्वाचे काम होते ते टेहळणीचे. शत्रूचे खंदक, तोफा, रेल्वेमार्ग यांची छायाचित्रे वरून घेतली जात आणि त्यांवरून नकाशे तयार होत. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये पॅरिस येथे हवाई वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या २७व्या कलमाने प्रत्येक देशाला विमानात छायाचित्रणाची उपकरणे नेण्यावर किंवा वापरण्यावर बंदी घालण्याचा अधिकार दिला. पुढे १९४४ च्या शिकागो कराराच्या ३६व्या कलमातही वापराबाबतचा हा अधिकार कायम राहिला.

आपल्याकडे १९३४ च्या विमान कायद्याखाली १९३७ मध्ये विमान नियम तयार झाले. त्यांतील १३वा नियम सांगतो, की सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून लेखी परवानगीशिवाय कोणीही छायाचित्र घेऊ नये. कोल्हापूरचे विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत १९३९ मध्ये सुरू झाले. म्हणजे हा नियम आमच्या उजळाईवाडीच्या विमानतळापेक्षा दोन वर्षांनी मोठा!

त्या काळी उंचावरून घेतलेले छायाचित्र ही दुर्मीळ वस्तू होती. धावपट्टी कुठे, पूल कुठे, कारखाना कुठे, हे परक्या देशाला सहज कळत नसे. तेव्हा बंदीला अर्थ होता.

मग उपग्रह आले. १९८८ मध्ये सोडलेल्या आपल्या आय.आर.एस.-१ए उपग्रहाच्या चित्रातील एक ठिपका जमिनीवरच्या सुमारे ३६ मीटर लांबी-रुंदीच्या तुकड्याएवढा होता. २८ डिसेंबर १९९५ रोजी गेलेल्या आय.आर.एस.-१सी उपग्रहाने तो ५.८ मीटरवर आणला. आता एक छोटे गणित करू. उजळाईवाडीची मूळ धावपट्टी सुमारे १३७० मीटर लांब होती. १३७० ला ५.८ ने भागले तर सुमारे २३६ येतात. म्हणजे १९९५ सालीच ही धावपट्टी उपग्रहाच्या चित्रात २३६ ठिपक्यांची स्पष्ट रेघ म्हणून दिसू शकत होती. १९९९ मध्ये आयकोनॉस या अमेरिकन व्यापारी उपग्रहाने ठिपका एका मीटरवर आणला आणि २००५ पासून गूगल अर्थमुळे अशी चित्रे घरबसल्या पाहता येऊ लागली.

प्रवाशाच्या मोबाइलला किती दिसते? कॅमेऱ्यातील एका संवेदक बिंदूची रुंदी १.४ मायक्रोमीटर आणि भिंगाचे नाभीय अंतर ४ मिलिमीटर धरू. या दोहोंचे गुणोत्तर ०.०००३५ येते. त्याला तीन किलोमीटर उंचीने गुणले, की सुमारे एक मीटर. खिडकीच्या चरे पडलेल्या प्लास्टिकमधून प्रत्यक्षात याहून कमीच दिसणार. म्हणजे नातवाला त्या दिवशी जे मिळाले असते, ते १९९९ च्या उपग्रहाला दिसत होते त्यापेक्षा अधिक नव्हते.

म्हणून ही बंदी सर्वत्र निरर्थक झाली का? नाही. इथे दोन प्रश्न वेगळे करायला हवेत: एखादी जागा 'कुठे आहे' आणि तिथे 'आत्ता काय आहे'. पहिल्याचे उत्तर आता गुपित राहिलेले नाही. पण पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे आणि गोव्याचे दाबोळी नौदलाचे तळ आहेत. तिथे आज कोणती विमाने उभी आहेत, ही माहिती उपग्रहाच्या जुन्या चित्रात नसते, प्रवाशाच्या ताज्या छायाचित्रात असू शकते. मे २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संरक्षण दलांच्या विमानतळांवर छायाचित्रणाला मनाई असल्याचे पुन्हा बजावले आणि दहा हजार फुटांपर्यंत खिडक्यांचे पडदे बंद ठेवायला सांगितले. आपत्कालीन दारांच्या रांगा मात्र वगळल्या. ठिकाण, उंची आणि अपवाद तिन्ही गोष्टी त्यात लिहिलेल्या होत्या, हे लक्षात घ्यावे.

बाकी प्रवाशांसाठी याच महासंचालनालयाने ९ डिसेंबर २००४ च्या आदेशाने परवानगी दिली होती. नियमित सेवेच्या विमानात प्रवासी आतून छायाचित्रे घेऊ शकतो, उड्डाणात आणि उतरतानाही. गोंधळ होईल किंवा सुरक्षितता धोक्यात येईल अशी उपकरणे मात्र चालत नाहीत आणि कर्मचाऱ्यांनी खास मनाई केली तर ती पाळावी लागते. पण जुना नियम पुस्तकात राहिला आणि परवानगी वेगळ्या कागदावर. परिणाम काय झाला? सप्टेंबर २०२० मध्ये चंदीगड-मुंबई विमानात वार्ताहरांनी चित्रीकरणासाठी गर्दी केली. त्यानंतर १२ सप्टेंबरला महासंचालनालयाने १३व्या नियमाचा हवाला देत विमान कंपन्यांना बजावले, की उल्लंघन झाल्यास त्या मार्गावरील उड्डाण दोन आठवडे बंद केले जाईल. दुसऱ्याच दिवशी खुलासा करावा लागला, की २००४ ची परवानगी लागू आहे! जिथे नियम करणाऱ्यांच्या दारी असा घोळ, तिथे हवाई सेविकेला काय दोष द्यावा?

'फोन बंद करा'

दुसऱ्या नियमाचा जन्म शत्रूच्या भीतीतून नव्हे, तर रेडिओच्या रचनेतून झाला. एफ.एम. रेडिओ आपण लावलेल्या केंद्राची लहर थेट वाचत नाही. त्याच्या आतील एक मंडल स्वतःची लहर तयार करते. तिची वारंवारता बहुधा केंद्राच्या वारंवारतेपेक्षा १०.७ मेगाहर्ट्झने जास्त असते. या दोन लहरींच्या मिश्रणातून आवाज वेगळा काढला जातो. मात्र आतली लहर थोडीशी बाहेरही झिरपते.

आकाशवाणी कोल्हापूरचे उदाहरण घ्या. केंद्र १०२.७ मेगाहर्ट्झवर आहे. त्यात १०.७ मिळवले की ११३.४. आणि १०८ ते ११८ मेगाहर्ट्झ हा पट्टा विमानांना दिशा दाखवणाऱ्या व्ही.ओ.आर. केंद्रांचा! विमानात कोणी खिशातला रेडिओ लावून आकाशवाणी ऐकली, तर झिरपलेली लहर नेमकी त्या पट्ट्यात पडणार. ९४.३ वरील टोमॅटो एफ.एम. लावले तर १०५ येतात, म्हणजे पट्ट्याच्या बाहेर. पण प्रवासी कोणते केंद्र ऐकतो आहे, हे कोण तपासणार? म्हणून १९६१ मध्ये अमेरिकेने विमानात एफ.एम. रेडिओ वापरण्यावर बंदी घातली. पुढे ती जवळपास सर्व विद्युत उपकरणांना लागू झाली. श्रवणयंत्र, हृदयाचा पेसमेकर, आवाज मुद्रित करणारे यंत्र आणि चक्क विजेवरचे दाढीचे यंत्र एवढ्यांना सूट मिळाली! बाकी उपकरण निर्धोक आहे हे विमान कंपनीने स्वतः ठरवायचे होते. प्रत्येक उपकरण तपासण्यापेक्षा सगळेच बंद करायला सांगणे कंपन्यांना सोपे होते.

मोबाइलची कथा आणखी निराळी. अमेरिकेत १९९१ मध्ये उडत्या विमानातून मोबाइल वापरण्यावर बंदी आली ती जमिनीवरचे जाळे वाचवण्यासाठी. उंचावरचा फोन एकाच वेळी अनेक मनोऱ्यांना 'दिसतो' आणि त्यांचे काम बिघडवतो. फ्लाइट मोडमध्ये फोनचे मोबाइल जाळ्याशी जोडणारे प्रक्षेपणच थांबते. मग उरतो तो कॅमेरा, घड्याळ आणि पुस्तक. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेने आणि एप्रिल २०१४ मध्ये आपल्या महासंचालनालयाने अशा स्थितीत उपकरणे प्रवासभर वापरायला मुभा दिली.

नियम का मरत नाहीत?

कर्मचाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. परवानगी दिली आणि काही बिघडले, तर जबाबदारी त्याची. मनाई केली, तर कोणी जाब विचारत नाही. अशा तराजूत पारडे नेहमी मनाईकडेच झुकणार. शिवाय कारण एका दस्तऐवजात राहते आणि प्रशिक्षणात पोचते ती फक्त सूचना. एक दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला. कारण गळून पडते, नियम पुढे जातो.

प्रवाशाने तिथेच वाद घालावा असे आम्ही सुचवत नाही. हवेत कर्मचाऱ्याची सूचना पाळणे आवश्यकच आहे. २०१७ च्या नियमांनुसार गैरवर्तनाबद्दल प्रवासबंदीही होऊ शकते. पण म्हणूनच सूचना देणाऱ्या यंत्रणेवर जबाबदारी जास्त येते.

कारण सरलेले नियम चालू ठेवण्याची किंमत केवळ एका मुलाचे हुकलेले छायाचित्र एवढीच नाही. पॉवर बँक सामानाच्या कप्प्यात न देता जवळच ठेवावी, हा आजचा खरा नियम आहे. लिथियम बॅटरी पेटली तर केबिनमध्ये ती दिसते आणि विझवता येते. खालच्या कप्प्यात ते फार अवघड. ज्याने दहा पोकळ सूचना ऐकल्या, तो ही अकरावीही पोकळच समजतो.

शिक्षकमित्रांनी वर्गात एक उपक्रम करून पाहावा. शाळेतील, प्रयोगशाळेतील, एस.टी.तील दहा नियम मुलांकडून लिहून घ्यावेत. प्रत्येकापुढे तीन रकाने: हा नियम कशापासून वाचवतो? कसा वाचवतो? ते कारण आज उरले आहे का? आम्ही आमच्याच प्रयोगशाळेत हे केले, तेव्हा भिंतीवरील दोन सूचना अशा उपकरणांच्या निघाल्या, जी केव्हाच भंगारात गेली होती. इतरांना उपदेश करण्याआधी त्या आम्ही काढून टाकल्या.

त्या नातवाच्या "का ओ?" ला आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. तो आता मोठा झाला असेल. त्याच्या कुणा शिक्षकांच्या हाती हा अंक पडला, तर त्यांनी आमच्या वतीने त्याला एवढेच सांगावे: प्रश्न बरोबर होता, उत्तर द्यायला उशीर झाला.