एचडी दूरचित्रवाणी संच : प्रकार व निवड

किमान ७२० ओळींचे चित्र दाखवू शकणारा, १६:९ प्रमाणातील रुंद पडद्याचा दूरचित्रवाणी संच. भारतातील जुन्या ‘पाल’ पद्धतीच्या ६२५ ओळींपैकी ५७६ ओळी प्रत्यक्ष चित्राच्या वाट्याला येत. डिजिटल हिशेबात हे चित्र ७२० × ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांहून कमी बिंदूंचे. ७२०पी चित्रात बिंदू ९ लाखांवर जातात, फुल एचडीत (१९२० × १०८०) २० लाखांवर, फोर-केमध्ये (३८४० × २१६०) ८३ लाखांच्या घरात आणि एट-केमध्ये ३ कोटी ३० लाखांच्या पुढे.

बिंदू किती आहेत आणि त्या बिंदूला उजेड कोठून मिळतो, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. दुकानातल्या खोक्यावर मात्र दोन्हींची उत्तरे एकाच ओळीत छापलेली असतात. ‘फोर-के’ हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर, ‘ओलेड’ हे दुसऱ्याचे. सोनीने २००७ मध्ये बाजारात आणलेला जगातील पहिला ओलेड संच, ११ इंची एक्सईएल-१, याचे ठळक उदाहरण आहे. त्याच्या पडद्यावर बिंदू होते फक्त ९६० × ५४०. संच त्या काळी सर्वांत पुढारलेला, पण एचडीच्या व्याख्येत न बसणारा!

पार्श्वभूमी : जपानच्या एनएचके या प्रसारणसंस्थेने १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर एचडीचे संशोधन हाती घेतले. तिची ११२५ ओळींची ‘हाय-व्हिजन’ पद्धत अॅनालॉग होती. अमेरिकेने डिसेंबर १९९६ मध्ये डिजिटल मानक स्वीकारले आणि १९९८ मध्ये तेथे प्रसारण सुरू झाले. एबीसी व फॉक्स यांनी ७२०पी निवडले, सीबीएस व एनबीसी यांनी १०८०आय. ‘पी’ पद्धतीत सगळ्या ओळी एकदम उमटतात. ‘आय’मध्ये आधी विषम, मग सम. पळत्या खेळाडूचे चित्र ‘पी’मध्ये स्वच्छ दिसते, स्थिर दृश्यातले बारकावे १०८०आयमध्ये अधिक. भारतात दूरदर्शनचे एचडी प्रसारण २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या निमित्ताने आले. स्टार प्रवाह आणि झी मराठी यांच्या एचडी वाहिन्या २०१६ मधल्या.

कालबाह्य प्रकार : पहिले एचडी संच पिक्चर ट्यूबचेच होते. काळा रंग गडद आणि हालचाल सफाईदार, पण वजन अफाट. सोनीचा ३४ इंची एचडी संच जवळपास ९० किलोंचा होता. मोठ्या पडद्यासाठी मग मागून चित्र टाकणारे प्रोजेक्शन संच निघाले. त्यांच्या डीएलपी प्रकारात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची सूक्ष्म आरशांची चिप असे. दिवा अधूनमधून बदलावा लागे आणि खोक्याची खोली काही कमी होत नसे. २०१२ मध्ये मित्सुबिशीने हे संच थांबवले आणि तो अध्याय आटोपला.

प्लाझ्मा : १९६४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी शिक्षणासाठीच्या ‘प्लेटो’ या संगणक-प्रणालीकरिता हा पडदा तयार केला. काचेच्या दोन थरांमधल्या लहान कप्प्यांत निऑन-झेनॉन वायू असतो. विजेमुळे त्यातून अतिनील किरण निघतात आणि ते फॉस्फरला उजळतात. प्रत्येक बिंदू स्वयंप्रकाशी असल्याने कोणत्याही कोनातून चित्र सारखे दिसे. पायोनियरच्या ‘कुरो’ मालिकेतील काळा रंग अनेक वर्षे तुलनेचा मापदंड मानला गेला. सुरुवातीचे अनेक ४२ इंची प्लाझ्मा मात्र ८५२ × ४८० बिंदूंचे, म्हणजे एचडीपेक्षा कमीच होते. वीज जास्त लागे, काच तापे, आणि फोर-केसाठी कप्पे आणखी लहान करणे परवडेना. पॅनासॉनिकने २०१३ अखेरीस उत्पादन बंद केले; सॅमसंग आणि एलजी वर्षभरात मागोमाग बाहेर पडले.

एलसीडी व ‘एलईडी’ : द्रवस्फटिकाचा बिंदू स्वतः उजळत नाही, मागून येणारा प्रकाश तो अडवतो किंवा सोडतो. पूर्वी हा प्रकाश पारायुक्त बारीक ट्यूबलाइटचा असे, आता एलईडीचा. त्यामुळे दुकानात ‘एलईडी टीव्ही’ म्हणून मिळतो तो मुळात एलसीडीच. अडवलेला प्रकाश थोडा झिरपतोच, म्हणून रात्रीच्या दृश्यात काळ्याचे करडे होते. व्हीए प्रकारच्या पॅनेलवर काळा रंग चांगला दिसतो, पण बाजूला बसणाऱ्याला रंग फिके वाटतात. आयपीएसवर नेमके उलटे. मागचे दिवे गटागटांनी मंद करण्याची सोय, म्हणजेच ‘लोकल डिमिंग’, हा काळ्याचे करडे होण्यावरचा उपाय. गट जितके जास्त, तितके उजळ वस्तूभोवतीचे वलय कमी. मिनी-एलईडी संचांत असे शेकडो गट असतात. ‘क्यूलेड’मध्ये निळ्या प्रकाशापासून शुद्ध लाल आणि हिरवा मिळवण्यासाठी क्वांटम डॉट वापरतात, याच कणांच्या शोधाला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. नावात साम्य असले तरी क्यूलेड हा ओलेड नव्हे.

ओलेड : चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये कोडॅकमध्ये मांडलेल्या सेंद्रिय डायोडवर आधारित. प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि पूर्ण विझतोही, त्यामुळे काळा खरोखर काळा. एलजीने २०१३ मध्ये ५५ इंची संच आणला. क्वांटम डॉट जोडलेला क्यूडी-ओलेड २०२२ मध्ये आला. संपूर्ण पडदा पांढरा असताना ओलेडची चकाकी चांगल्या मिनी-एलईडीपेक्षा कमी पडते. सेंद्रिय द्रव्य झिजते, म्हणून एकच स्थिर चित्र महिनोन्‌महिने राहिल्यास त्याचा ठसा उमटू शकतो. वाहिनीचा लोगो आणि ‘ब्रेकिंग न्यूज’ची लाल पट्टी दिवसभर चालू राहणाऱ्या घरात ही जोखीम खरी आहे.

निवडीचे निकष : आधी खोलीतला उजेड. बाल्कनीचे दार उघडे ठेवून दुपारचा क्रिकेट सामना पाहणाऱ्यांना उजळ एलसीडी सोयीचा. पडदे ओढून चित्रपट पाहणाऱ्यांना ओलेड. नंतर अंतर. निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा करू शकतो असे धरले, तर ५५ इंची फुल एचडीचे बिंदू सुमारे सात फुटांपलीकडे वेगळे दिसत नाहीत. तेथून मागे बसल्यास फोर-केचे जादा बिंदू वाया जातात. ३२ इंची संचात तर हे अंतर चार फुटांच्या आसपास आहे. म्हणून त्या आकारात १३६६ × ७६८ बिंदूंचा ‘एचडी रेडी’ पडदा पुष्कळांना पुरतो. मोठ्या फोर-के संचात बिंदूंपेक्षा एचडीआरमुळे, म्हणजे उजेड-अंधाराच्या वाढीव पल्ल्यामुळे, फरक अधिक जाणवतो. मात्र पडदाच फारसा उजळत नसेल तर खोक्यावरचा ‘एचडीआर’ शिक्का नावापुरता राहतो.

त्यानंतर काय पाहायचे हे येते. भारतातील एचडी वाहिन्या सामान्यतः १०८०आय असतात आणि साध्या वाहिनीचे ५७६ ओळींचे चित्र ६५ इंचांवर ताणले की धूसर दिसते. साध्या वाहिन्या पाहणाऱ्या घरात चित्र ताणताना ते सावरणाऱ्या प्रोसेसरचे महत्त्व वाढते, त्यामुळे दुकानातला झगझगीत डेमो न पाहता साधी वाहिनी लावून दाखवायला सांगणे हिताचे. इंटरनेटवरून फोर-के पाहण्यासाठी नेटफ्लिक्स सेकंदाला १५ मेगाबिटचा वेग सुचवते. प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सीरिज एक्सवर फोर-के खेळ १२० हर्ट्झने खेळायचे असतील, तर एचडीएमआय २.१ पोर्ट तपासावा. किमतीच्या अंगाने, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरील संचांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि लहान-मोठ्या संचांमधला कराचा फरक संपला.