पत्र्याच्या पेटीतलं प्रमाणपत्र

कोकणातल्या खेड तालुक्यातलं जमिनीचं प्रकरण समजून घ्यायचं तर खोतीपासून सुरुवात करावी लागते. खोत सरकारचा सारा भरायचा आणि कुळांकडून भाताचा हिस्सा घ्यायचा. हिशेबाची वही त्याच्याच घरी. कसणाऱ्याला ती वाचताही येत नसे.

17 सप्टेंबर 1937 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. तेव्हा ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. वकिली करताना मला याचं मोल फार वाटतं. वर्गात कायदा शिकवणारा माणूस त्याच दिवसांत आमच्या कुळांची बाजू मांडत होता. 10 जानेवारी 1938 ला याच मागणीसाठी शेतकरी मोर्चाने कौन्सिल हॉलवर गेले. खोती गेली ती 1949 च्या कायद्याने. पुढे 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनी कसणारी कुळं मालक मानली गेली.

सातबारावर मात्र सगळ्यांची नावं चढली नाहीत. घरटी एकजण मुंबईला. मागे राहिलेल्या बाईमाणसाला तलाठ्याकडे काय मागायचं ते कोण सांगणार? फुकट कायदेशीर मदत राज्यघटनेत आली 1976 मध्ये, कलम 39क म्हणून. तिचा 1987 चा कायदा लागू व्हायला 9 नोव्हेंबर 1995 उजाडला. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनी प्रत्येक विधी महाविद्यालयावर साहाय्य केंद्राची जबाबदारी टाकली: काम शेवटच्या वर्षाच्या मुलांनी करायचं, देखरेख प्राध्यापकांची, सोबत वकील.

अशाच एका केंद्राच्या शिबिरात एका आजींनी पिशवीतून घडीवर फाटलेला कागद काढला. कूळकायद्याच्या कलम 32म चं, कूळ जमिनीचं मालक झाल्याचं प्रमाणपत्र, सासऱ्यांच्या नावाचं, आयुष्यभर पत्र्याच्या पेटीत ठेवलेलं. समोरच्या विद्यार्थिनीने ते मोठ्याने वाचून दाखवलं, मग सातबारा. तिथे सासरे अजून इतर हक्कांच्या रकान्यात, कूळ म्हणूनच. तिने लगेच फेरफाराचा अर्ज लिहायला घेतला. मी थांबवलं, आधी वारस कोण कोण ते विचार म्हटलं. मुंबईतले दीर, चिपळूणला दिलेली नणंद, सगळी नावं निघाली. अर्ज दोन झाले, एक प्रमाणपत्राच्या नोंदीचा, दुसरा वारसांचा. आजींनी अंगठा उठवण्याआधी तिने दोन्ही पुन्हा वाचले.

नोंदीची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, हरकत आली की सुनावणी. तोवर मुलांची परीक्षा येते आणि नवी तुकडी बसते. म्हणून शिबिराच्या फोटोपेक्षा मला प्रकरणांची वही हवी आहे: अर्जाची तारीख, पोच क्रमांक, पुढे कोणी जायचं ते लिहिलेली, आणि जुन्या तुकडीने नव्या तुकडीला समोर बसवून समजावलेली.