शुश्रूषागृहांचे पंचतारांकित गुणवत्ता मानांकन (अमेरिका)

पंचतारांकित गुणवत्ता मानांकन ही अमेरिकेतील शुश्रूषागृहांची तुलना करण्यासाठी तेथील केंद्र सरकारने सुरू केलेली पद्धती आहे. सेंटर्स फॉर मेडिकेअर अँड मेडिकेड सर्व्हिसेस (संक्षेपाने सीएमएस) ही संस्था डिसेंबर २००८ पासून हे मानांकन प्रसिद्ध करते. मेडिकेअर किंवा मेडिकेड या सरकारी योजनांची मान्यता असलेल्या सुमारे १५,००० शुश्रूषागृहांना त्यात एक ते पाच तारे दिले जातात. एक तारा म्हणजे सरासरीपेक्षा पुष्कळ खालचा दर्जा आणि पाच तारे म्हणजे सरासरीपेक्षा पुष्कळ वरचा दर्जा. एकूण मानांकन तीन स्वतंत्र घटकांवरून काढले जात असल्यामुळे सारखेच तारे मिळालेल्या दोन संस्थांची प्रत्यक्ष स्थिती बरीच वेगळी असू शकते.

संज्ञा

महाराष्ट्रात 'नर्सिंग होम' हा शब्द सामान्यतः लहान खासगी रुग्णालय किंवा प्रसूतिगृह या अर्थाने वापरला जातो. अशा संस्थांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली होते. अमेरिकेत मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. वार्धक्य, पक्षाघात, स्मृतिभ्रंश अशा कारणांनी ज्यांना अहोरात्र परिचर्या लागते, त्यांची निवासी संस्था म्हणजे तेथील शुश्रूषागृह. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे उपचारासाठी येणारे रुग्ण आणि कायमचे राहणारे वृद्ध असे दोन्ही प्रकारचे निवासी तेथे असतात. ज्या निवासांमध्ये वृद्धांना केवळ दैनंदिन कामांत साहाय्य मिळते, ते या मानांकनाच्या कक्षेत येत नाहीत.

पार्श्वभूमी

शुश्रूषागृहांतील हेळसांडीच्या तक्रारींनंतर नेमलेल्या एका तज्ज्ञ समितीने १९८६ साली अहवाल सादर केला. त्याच्या आधारे १९८७ साली शुश्रूषागृह सुधारणा कायदा झाला. निवाशांचे हक्क, प्रत्येकाच्या प्रकृतीचे ठरावीक काळाने मूल्यमापन आणि राज्य यंत्रणेकडून पूर्वसूचनेविना तपासणी या तरतुदी त्या कायद्याने आल्या. या तपासण्यांची माहिती १९९८ पासून संकेतस्थळावर उपलब्ध होऊ लागली. परंतु ती तांत्रिक असल्याने सामान्य कुटुंबांना समजणे कठीण जाई. ती सुबोध व्हावी म्हणून २००८ मध्ये तारे देण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. सप्टेंबर २०२० पासून ही माहिती 'केअर कम्पेअर' या संकेतस्थळावर मिळते.

मानांकनाचे घटक

१. आरोग्य तपासणी. राज्याचे प्रशिक्षित तपासनीस पूर्वसूचना न देता संस्थेत येऊन ही तपासणी करतात. दोन नियमित तपासण्यांमधील अंतर १५ महिन्यांहून अधिक असू नये, असा नियम आहे. तक्रार आल्यास स्वतंत्र तपासणी होते. आढळलेल्या प्रत्येक त्रुटीला तिची तीव्रता व व्याप्ती पाहून 'ए' ते 'एल' यांपैकी एक श्रेणी दिली जाते. 'जी' व त्यापुढील श्रेणींत निवाशाला प्रत्यक्ष इजा झालेली असते किंवा गंभीर इजेचा तातडीचा धोका निर्माण झालेला असतो. 'जे', 'के' व 'एल' या श्रेणी तातडीच्या धोक्यासाठी आहेत. या घटकाचे तारे राज्यांतर्गत तुलनेने ठरतात. राज्यातील सर्वांत चांगल्या १० टक्के संस्थांना पाच तारे, तर सर्वांत खालच्या २० टक्के संस्थांना एक तारा मिळतो. त्यामुळे एका राज्यातील तपासणीच्या ताऱ्यांची दुसऱ्या राज्यातील ताऱ्यांशी थेट तुलना करता येत नाही.

२. कर्मचारीवर्ग. प्रत्येक निवाशामागे दररोज परिचर्येचे किती तास उपलब्ध होतात, त्यांपैकी नोंदणीकृत परिचारिकांचे किती आणि शनिवार-रविवारी हे प्रमाण कितपत टिकते, हे येथे पाहिले जाते. जुलै २०२२ पासून कर्मचारी व प्रशासक नोकरी सोडून जाण्याचे प्रमाणही विचारात घेतले जाते. निवाशांची प्रकृती जितकी गंभीर, तितकी मनुष्यबळाची अपेक्षा अधिक धरली जाते.

३. गुणवत्ता निर्देशक. एकाच स्थितीत पडून राहिल्याने होणारे शय्याव्रण, पडल्यामुळे झालेली गंभीर इजा, मूत्रमार्गाचा संसर्ग, मनोविकारविरोधी औषधांचा वापर, हालचालींची क्षमता कमी होणे, पुन्हा रुग्णालयात दाखल करावे लागणे इत्यादी बाबी या घटकात मोजल्या जातात. अल्पकालीन आणि दीर्घकालीन निवाशांसाठी निर्देशक वेगवेगळे असून त्यांचे तारेही स्वतंत्रपणे दाखवले जातात.

एकूण मानांकन ठरवण्याची रीत

गणनेचा आरंभ आरोग्य तपासणीच्या ताऱ्यांपासून होतो. कर्मचारीवर्गाला पाच तारे असल्यास त्यांत एक तारा मिळवतात आणि एकच तारा असल्यास एक वजा करतात. त्यानंतर गुणवत्ता निर्देशकांनाही हाच नियम लावतात. तपासणीत एकच तारा मिळालेल्या संस्थेचे एकूण मानांकन दोनपेक्षा अधिक होऊ शकत नाही.

उदाहरणार्थ, एका संस्थेला तपासणीत चार आणि उरलेल्या दोन्ही घटकांत तीन तारे आहेत. तिचे एकूण मानांकन चार राहील. दुसऱ्या संस्थेला तपासणीत केवळ दोन तारे आहेत, परंतु उरलेल्या दोन्ही घटकांत पाच-पाच आहेत. तिचेही एकूण मानांकन चारच होईल. पहिल्या संस्थेची स्थिती बाहेरून आलेल्या तपासनीसांना समाधानकारक वाटली आहे. दुसरीत मात्र त्यांना बऱ्याच उणिवा आढळल्या आहेत. केवळ एकूण तारे पाहणाऱ्याला हा भेद दिसत नाही.

इशारादर्शक चिन्हे

ऑक्टोबर २०१९ पासून निवाशांचा छळ किंवा पिळवणूक झाल्याचे आढळलेल्या संस्थेच्या नावापुढे लाल वर्तुळातील उघड्या तळहाताचे चिन्ह दाखवले जाते. अशा संस्थेला तपासणीत दोनपेक्षा अधिक तारे मिळत नाहीत. दीर्घकाळ गंभीर त्रुटी आढळत राहिलेल्या संस्था विशेष देखरेखीखाली ठेवल्या जातात. त्यांची तपासणी सुमारे दर सहा महिन्यांनी होते आणि त्यांना तारे दिले जात नाहीत.

टीका व सुधारणा

या पद्धतीवरील मुख्य आक्षेप स्वतः संस्थांनी पुरवलेल्या माहितीबद्दल आहे. प्रारंभी कर्मचाऱ्यांची संख्या आणि बहुतेक गुणवत्ता निर्देशक या दोन्ही बाबी संस्था कळवतील त्याप्रमाणे धरल्या जात. 'द न्यू यॉर्क टाइम्स' या दैनिकाने २०१४ साली या उणिवेवर प्रकाश टाकला. जुलै २०१६ पासून कर्मचाऱ्यांची माहिती वेतनपत्रकांच्या आधारे देणे बंधनकारक झाले आणि २०१८ पासून तिच्यावरून तारे ठरू लागले. एका तिमाहीत चार किंवा अधिक दिवस एकही नोंदणीकृत परिचारिका कामावर नसल्यास संस्थेला त्या घटकात एकच तारा देण्याचा नियम २०१९ मध्ये झाला.

गुणवत्ता निर्देशकांचा मोठा भाग मात्र अजूनही संस्थांच्या स्वतःच्या नोंदींवर अवलंबून आहे. रुग्णालयांच्या देयकांवरून दिसून येणाऱ्या, पडून झालेल्या गंभीर इजांपैकी सुमारे ५८ टक्केच शुश्रूषागृहांनी नोंदवल्या होत्या, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. मनोविकारविरोधी औषधांच्या निर्देशकातून स्किझोफ्रेनियाचे रुग्ण वगळले जातात. या सवलतीचा लाभ घेण्यासाठी काही ठिकाणी पुरेशा आधाराविना तसे निदान नोंदवले जाई. त्यावर उपाय म्हणून २०२३ पासून सीएमएस अशा नोंदींची पडताळणी करते आणि दोषी संस्थेचे गुणवत्ता निर्देशकांचे तारे एकावर आणते.

निवासी व त्यांचे कुटुंबीय यांचे समाधान या मानांकनात मोजले जात नाही. त्यांच्या अनुभवाचा समावेश करावा, अशी शिफारस अमेरिकेतील राष्ट्रीय अकादमींच्या २०२२ च्या अहवालात करण्यात आली.

निवडीतील उपयोग

सीएमएस स्वतःही केवळ ताऱ्यांवर विसंबून न राहता संस्थेला भेट देण्याचा सल्ला देते. तीन घटकांपैकी आरोग्य तपासणी बाहेरच्या यंत्रणेकडून होत असल्याने प्रथम ती, नंतर कर्मचारीवर्ग आणि शेवटी गुणवत्ता निर्देशक या क्रमाने माहिती पाहणे उपयुक्त ठरते. तपासणीचा मूळ अहवाल प्रत्येक संस्थेत कोणालाही सहज वाचता येईल अशा जागी ठेवणे बंधनकारक आहे. त्यात कोणती घटना घडली, किती निवाशांना बाधा झाली आणि तीच त्रुटी पुन्हा आढळली का, हे समजते. प्रत्येक पाळीतील परिचर्या कर्मचाऱ्यांची संख्या दररोज दर्शनी भागी लावावी लागते. तिची प्रत्यक्ष दिसणाऱ्या स्थितीशी तुलना करता येते. त्यासाठी सायंकाळी किंवा सुटीच्या दिवशी दिलेली भेट अधिक बोलकी ठरते. बोलावण्याची घंटा वाजल्यावर कोणी किती वेळात येते, जेवण भरवण्यास पुरेसे हात आहेत का आणि निवाशांना नावाने हाक मारली जाते का, या गोष्टी ताऱ्यांतून कळत नाहीत. मराठी व इतर भारतीय कुटुंबांच्या दृष्टीने महत्त्वाचे असलेले भाषा व शाकाहारी भोजन यांचे प्रश्नही मानांकनाबाहेरच राहतात.

प्रत्येक राज्यात दीर्घकालीन परिचर्येसाठी लोकपाल असतो. निवाशांच्या तक्रारींची दखल घेणे हे त्याचे काम असून संस्थेविषयीची माहिती त्याच्याकडून विनामूल्य मिळते.

हेही पहा

• मेडिकेअर
• मेडिकेड
• वृद्धाश्रम
• स्मृतिभ्रंश