ओ. चंद्रशेखर: मुंबईच्या तेल कंपनीचा उजवा बॅक

इटलीतल्या साठच्या दशकातल्या कडक बचावपटूंबद्दल तुम्ही विचारलं होतं. तिकडे इंटर मिलानचा कॅप्टन अर्मांदो पिक्की हा बचावपटू. त्याच्या टीमने १९६४ आणि १९६५ असे लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकले. त्याचा जोडीदार बुर्ञिच याला तर लोक 'खडक' म्हणायचे. पण मला वाटतं, त्याच काळातला आपल्या महाराष्ट्राच्या टीमचा एक बॅक आधी सांगायला हवा, कारण त्याचं नाव इथे कुणी घेत नाही.

ओ. चंद्रशेखर मेनन. गाव केरळातलं इरिंजालकुडा, पण खेळाची उमेदीची वर्षं गेली मुंबईत, कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या टीमकडून. आज आमच्या शेंद्र्याच्या एमआयडीसीत कंपनीची टीम म्हटली की क्रिकेटच, तेही टेनिस बॉलचं. तेव्हाच्या मुंबईत मात्र टाटा, कॅल्टेक्स, वेस्टर्न रेल्वे यांच्या फुटबॉल टीम होत्या. खेळाडूला नोकरी मिळायची आणि कूपरेजला गर्दी व्हायची. १९५८ चा रोव्हर्स कप कॅल्टेक्सने जिंकला होता बरं का!

१९६० मध्ये चंद्रशेखर रोम ऑलिंपिकला गेला, म्हणजे इटलीतच. हंगेरीकडून भारत १-२ हरला. फ्रान्सशी १-१ बरोबरी झाली, पेरूने १-३ हरवलं. स्पर्धा साखळीतच संपली.

खरी कसोटी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत होती. पहिल्याच मॅचला दक्षिण कोरियाने भारताला ०-२ हरवलं. मग थायलंडविरुद्ध बचावाचा कणा असलेल्या जर्नैल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी काय करावं? त्याला बाहेर बसवण्याऐवजी पुढे, फॉरवर्डला पाठवलं! सेमीफायनलला आणि फायनललाही त्याने गोल केले. ही गोष्ट फुटबॉलवाल्यांना पाठ असते.

पण एक विचार करा. कणाच पुढे नेला, तर मागे राहिलं कोण? मध्ये अरुण घोष, डावीकडे त्रिलोक सिंग आणि उजवीकडे आपला चंद्रशेखर. त्यांच्या पुढ्यात हाफला गोव्याचा फोर्तुनातो फ्रँको, तोही मुंबईतच खेळणारा.

४ सप्टेंबरची फायनल, समोर पुन्हा दक्षिण कोरिया. स्टेडियममधला जनसमुदाय भारतावर खवळलेला. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं, त्यावर भारताच्या गुरुदत्त सोंधींनी जाहीर हरकत घेतली होती, त्याचा हा राग. आपल्या राष्ट्रगीताचीसुद्धा हुर्यो उडवली गेली. पी. के. बॅनर्जीने सतराव्या आणि जर्नैलने विसाव्या मिनिटाला गोल केला. पुढची सत्तर मिनिटं ती आघाडी जपायची होती. ज्या कोरियाने आधी दोन गोल चढवले होते, त्याला अगदी शेवटी शेवटी फक्त एकच मिळाला. २-१. सुवर्णपदक!

स्कोअरकार्डवर गोल करणाऱ्या दोघांची नावं आहेत. सत्तर मिनिटांसाठी रकानाच नसतो. पुढे कोलकात्याच्या आठवणींत जर्नैल, चुनी, पी. के. राहिले. मुंबईत मात्र आठवण ठेवायला क्लबच उरला नाही. १९७६ मध्ये सरकारने कॅल्टेक्सचा भारतातला कारभार ताब्यात घेतला आणि तो हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये गेला. कोलकात्याच्या क्लबांना पिढ्यान्‌पिढ्यांचे समर्थक आहेत. कंपनीच्या टीमला कोण असणार?

१९६३ ची संतोष ट्रॉफी महाराष्ट्राने जिंकली, तेव्हा कॅप्टन चंद्रशेखरच होता. १९६४ च्या आशियाई करंडकात भारत उपविजेता ठरला, त्या संघातही तो होता. रहीम मात्र जकार्तानंतर वर्षभरही जगले नाहीत, जून १९६३ मध्ये कर्करोगाने गेले.

फ्रँको मे २०२१ मध्ये गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, कोचीत, चंद्रशेखर.