पेरिसेंट्रिन

पेरिसेंट्रिन हे मानवी पेशीतील सेंट्रोसोम या रचनेचा भाग असलेले एक मोठे प्रथिन आहे. ते घडवणारे पीसीएनटी हे जनुक २१व्या गुणसूत्राच्या लांब भुजेच्या टोकाजवळ असते. या प्रथिनात ३,३३६ अमिनो आम्ले असतात. आई व वडील या दोघांकडून आलेल्या या जनुकाच्या प्रती निकामी असल्यास शरीराची वाढ गर्भावस्थेपासूनच खुंटते.

== शोध ==
स्टीफन डॉक्सी व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये या प्रथिनाचे वर्णन प्रसिद्ध केले. स्क्लेरोडर्मा हा स्वयंप्रतिरक्षा विकार झालेल्या रुग्णाच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडे सेंट्रोसोमला चिकटतात, या निरीक्षणाचा त्यांना उपयोग झाला. २००० मध्ये वर्णन केलेले 'केंड्रिन' हे याच जनुकापासून बनणारे अधिक लांब रूप आहे.

== कार्य ==
सेंट्रोसोममध्ये दोन नळकांड्यांसारखे सेंट्रिओल व त्यांभोवती प्रथिनांचे आवरण असते. हे आवरण पूर्वी आकारहीन मानले जात असे. पेरिसेंट्रिनचे एक टोक सेंट्रिओलजवळ, तर दुसरे बाहेरच्या बाजूस असते, हे २०१२ मध्ये अतिसूक्ष्म प्रतिमांवरून दिसून आले. या सांगाड्यावर इतर प्रथिने जमतात. त्यांपैकी गॅमा ट्युब्युलिनच्या कड्यांपासून सूक्ष्मनलिका वाढतात आणि विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे ओढून वेगळी करणारा तर्कू तयार होतो.

विभाजन संपताना सेपरेज हे विकर पेरिसेंट्रिनचे तुकडे करते. त्यानंतरच सेंट्रिओलची जोडी सुटून पुढील द्विगुणनास मोकळी होते. गुणसूत्रांच्या जोड्या सोडवणारे विकरही हेच आहे.

== विकार ==
या जनुकातील उत्परिवर्तनांमुळे 'दुसऱ्या प्रकारचा मायक्रोसेफॅलिक ऑस्टिओडिसप्लास्टिक प्रायमॉर्डियल ड्वार्फिझम' हा दुर्मीळ विकार होतो, हे २००८ मध्ये सिद्ध झाले. प्रौढ रुग्णांची सरासरी उंची सुमारे १०० सेंमी असते. मेंदूचा आकार तीन महिन्यांच्या बालकाइतका राहतो. तरीही बुद्धिमत्ता बहुधा सामान्याच्या जवळपास असते. म्हणूनच 'लहान मेंदू म्हणजे मंद बुद्धी' हे समीकरण येथे लागू पडत नाही. तर्कूची रचना बिघडल्याने एकंदर पेशींची संख्या कमी राहते, असे या खुजेपणाचे स्पष्टीकरण दिले जाते.

रुग्णांच्या जिवाला खरा धोका उंचीमुळे नव्हे, तर रक्तवाहिन्यांमुळे असतो. मेंदूच्या धमन्या अरुंद होतात (मोयामोया) किंवा त्यांना फुगवटे येतात आणि त्यातून पक्षाघात किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. फुगवटे वेळीच आढळल्यास उपचार करता येतात. त्यामुळे निदान होताच व त्यानंतरही ठरावीक काळाने या वाहिन्यांची प्रतिमा-तपासणी करण्याची शिफारस केली जाते. इन्सुलिन-प्रतिरोध व मधुमेहही अनेकांमध्ये आढळतो.

इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर २००३ मध्ये सापडलेल्या बुटक्या मानवाचे अवशेष याच विकाराचे असावेत, अशी शक्यता २००८ मध्ये मांडली गेली होती. ती मान्य झाली नाही. बहुतेक अभ्यासक त्यास होमो फ्लोरेसिएन्सिस ही स्वतंत्र जाती मानतात.

डाऊन लक्षणसमूहात २१व्या गुणसूत्राच्या तीन प्रती असल्याने पेरिसेंट्रिन अधिक प्रमाणात तयार होते. अशा पेशींत प्राथमिक पक्ष्माभिका नीट तयार होत नाहीत, असे प्रयोगांत दिसले आहे.