कलकत्त्याच्या मैदानावरील प्रेक्षक

फुटबॉलच्या इतिहासांत गोल कोणीं केला हें नोंदलें जातें. तो पाहावयास कोण जमलें होतें, याची नोंद क्वचितच राहते. कलकत्त्याचें मैदान या नियमाला अपवाद आहे. तेथील प्रेक्षक कोणत्या धर्माचे, कोणत्या प्रांताचे, याची चर्चा खेळाइतकीच झालेली आहे.

श्रोतेहो, ता. २९ जुलै १९११ चा दिवस डोळ्यांपुढें आणावा. आय्. एफ्. ए. शील्डच्या अंतिम सामन्यांत मोहन बागानची गांठ ईस्ट यॉर्कशायर पलटणीशीं होती. बंगाल, बिहार, आसाम येथून माणसें लोटलीं. रेल्वेला जादा गाडी सोडावी लागली. कोणी झाडांवर चढले, कोणी लांकडी खोक्यांवर उभे राहिले. ज्यांना मैदान दिसतच नव्हतें, त्यांना पतंग उडवून गोलांची संख्या कळविण्यांत येत होती. मोहन बागाननें २-१ असा विजय मिळविला. संघांतील दहाजण अनवाणी खेळले. बूट घालणारे एकटे सुधीर चटर्जी, आणि ते ख्रिस्ती होते. बरेचसे खेळाडू मूळचे पूर्व बंगालचे. कलकत्त्याच्या मुसलमान वृत्तपत्रांनींही हा विजय आपलाच मानला. समोर गोरी पलटण होती म्हणून ही गर्दी एक झाली, हें खरें. पण ती एक झाली, हेंही तितकेंच खरें.

पुढें ही एकी फुटली, आणि ती प्रथम धर्मावरून फुटली नाहीं. १९२० सालीं मोहन बागानविरुद्धच्या सामन्यांत जोडाबागान क्लबनें शैलेश बसू या पूर्व बंगालच्या खेळाडूस वगळलें. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी रागानें बाहेर पडले, आणि त्या रागांतून ईस्ट बेंगॉल क्लब जन्मास आला. पश्चिमेचे ते ‘घोटी’ आणि पूर्वेचे ते ‘बांगाल’, असे मैदानावर दोन पक्ष पडले. भाषा एक, देवदेवता त्याच. भेद तो बोलण्याच्या हेलाचा आणि ताटांतील माशाचा! एकाची कोळंबी, दुसऱ्याचा हिलसा, म्हणजे आपल्याकडचा पाला. माणसाला वेगळें होण्यास निमित्त किती लहान पुरतें पाहा.

१९३४ सालीं महंमेडन स्पोर्टिंग हा संघ लीगच्या पहिल्या वर्गांत आला व त्याच वर्षीं त्यानें लीग जिंकली. त्यापूर्वीं तो मान एकाही हिंदी संघास मिळाला नव्हता. सलग पांच वर्षें, १९३८ पर्यंत, तो त्यांच्याकडेच राहिला. त्यांच्या बाजूस उर्दू बोलणारे व बंगाली बोलणारे मुसलमान खांद्याला खांदा लावून उभे राहात. मात्र १९११ प्रमाणें हा विजय सर्वांचा झाला नाहीं. राजकारणानें त्या सुमारास मनें विटविलीं होतीं आणि त्यांचा कडवटपणा मैदानांतही उतरला होता.

मग १९४७ सालीं फाळणी झाली. घरदार सोडून आलेले हजारों निर्वासित ईस्ट बेंगॉलच्या मागें उभे राहिले. गेलेल्या मुलखाचें नांव आतां त्या क्लबच्या निशाणावरच उरलें होतें. आणि नेमक्या त्याच वेळीं त्या संघाची आघाडीची फळी कोणाची होती? वेंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. पांचहीजण दक्षिणेकडचे; त्यांत एकही बंगाली नव्हता आणि दोघे मुसलमान होते. लोकांनीं त्यांना ‘पंचपांडव’ म्हटलें! १९४९ सालीं या संघानें लीग, शील्ड आणि मुंबईचा रोव्हर्स चषक असे तिन्ही मान मिळविले. धर्माच्या नांवाखालीं ज्यांचें सर्वस्व गेलें होतें, तेच लोक अहमद खानच्या पायाशीं चेंडू येतांच देहभान विसरत. प्रेक्षकांचे कप्पे पाडणाऱ्यांनीं या दृश्याचा हिशेब कोणत्या रकान्यांत मांडावा?

पुढील सर्व काळ असाच गोड गेला असें नव्हे. १६ ऑगस्ट १९८० रोजीं ईडन गार्डनवर मोहन बागान व ईस्ट बेंगॉल यांच्या सामन्यांत दंगल उसळून १६ माणसें प्राणास मुकलीं.

ऑगस्ट २०२४ मध्यें शहरांतील एका तरुण स्त्री डॉक्टरच्या अमानुष हत्येनें लोक खवळले होते. ता. १८ चा या दोन संघांचा सामना सुरक्षेच्या कारणास्तव रद्द करण्यांत आला. तरीही सॉल्ट लेकच्या क्रीडांगणाबाहेर माणसें जमलीं. मोहन बागान, ईस्ट बेंगॉल आणि महंमेडन स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांचे पाठीराखे एकत्र उभे राहून न्याय मागत होते.